योग्य पोशाखात हजर राहावे

१३ जानेवारी १९७९, शनिवार. अड्याळ

मुलाखतीचा कागद आला. पोस्टमनने आवाज दिला तेव्हा मी बोडीवर, तळ्याच्या काठी, भांडी घासत होते, म्हणून तो वहिनीने घेतला. मी येईपर्यंत तिने उघडून वाचूनही टाकला होता. मला राग आला, पण मी भांडी फळीवर लावायला घेतली. तिच्याच घरात तिच्याच चुलीवरचं खाते मी.

भंडाऱ्याच्या तुरुंगात बायांच्या बाजूला रक्षक बाया भरायच्या आहेत. अर्ज दिवाळीच्या आधी केला होता. वीस फेब्रुवारीला बोलावलं आहे. मॅट्रिकचा दाखला आणायचा, जातीचा आणायचा, आणि सगळ्यात खाली टाइप केलं आहे, "उमेदवाराने योग्य पोशाखात हजर राहावे." योग्य म्हणजे कोणता ते लिहिलं नाही.

नत्थूदादा हसला. "जेलात? चोट्ट्या बायाइची राखन करशीन?"

माय म्हणाली, "बाईमानसानं जेलात जाचं म्हंजे लोक काय म्हनतीन?"

वहिनी भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या ना तिले. इथं बसून काय अंडे उबवते?"

शाळेत आमच्या निर्मलाबाई सांगायच्या, रोज लिहिणं जमलं नाही तरी चालेल, पण दैनंदिनीत खोटं लिहू नये. म्हणून लिहिते. वहिनीला मी घरातून जायला हवी आहे. तिचंही चुकत नाही म्हणा. लग्न होऊन गेलेली नणंद तीन वर्षं घरात, कोणाला आवडेल?

२१ जानेवारी, रविवार

आज पेटी उघडली. रोजची दोन छापील पातळं, एकाचा काठ विरला आहे. मावशीने दिलेली जांभळी नायलॉनची, ती कमरेला ठरत नाही. आणि तळाशी लग्नातली पांढरी, निळ्या काठाची. बाबांनी नागपूरहून आणवली होती. त्या साडीत गोपीचंदच्या शेजारी उभी राहून मी बुद्धवंदना म्हटली. मग दोन वर्षं चिखल्याला, खाणीच्या क्वार्टरात. मग तो म्हणाला, चार दिवस मायकडे जाऊन ये. मी आले. मागून कळलं, तिथे दुसरी बाई येऊन राहिली. कोणी विचारलं तर मी अजून सांगते, मायकडे आले आहे म्हणून.

माय म्हणाली, "जांभळी नेस. चमकते."

वहिनीने जांभळी बाजूला केली. "मुलाकातीले जाऊन राहिली ते, वरातीत नाई." पांढरी तिने दारात उजेडाला धरली, घड्या पाहिल्या, कुठे कसर लागली का पाहिलं. "हेच."

"लग्नातली आहे वयनी."

"मंग काय झालं? तुह्या बापानं घेतली. त्यानं थोडीच घेतली?"

शेजारच्या पार्वताबाई बसल्या होत्या. त्यांच्यात पांढरी म्हणजे विधवेची. त्या म्हणाल्या, "सायेब रांडव समजन ना वो हिले."

"समजू द्या," वहिनी म्हणाली.

हे तिने बोलायला नको होतं. माझा नवरा आहे, चालता बोलता आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

बाबा मला मारोतरावांकडे घेऊन गेले. ते पूर्वी तुरुंगात जमादार होते, आता पेन्शनीत आहेत आणि धानाचा थोडा व्यापार करतात. ओसरीवर बसवलं. त्यांच्या बायकोने, कुंताबाईंनी, चहा दिला, आमच्यासाठी कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपांत. पिऊन झाल्यावर मी दोन्ही कप विसळून ठेवले. यात नवीन काही नाही, फक्त खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं.

मारोतराव मात्र मनापासून सांगत होते. "हात दाखव. ह्या काचेच्या बांगड्या काढाच्या. फुटल्या का त्याइचंच हत्यार होते. कानात लोंबनारं नको. केस घट्ट बांध. चप्पल मागून पट्ट्याची. जेलात जे लोंबते, ते कोनाच्या ना कोनाच्या हातात जाते, ध्यानात ठेव."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर आली आणि ते थांबले. आतून कुंताबाई म्हणाल्या, "पोत नको काढू वो बाई. नवरा जिता आहे ना?"

"मी काई म्हनलो काय?" मारोतराव म्हणाले आणि तंबाखूची डबी शोधू लागले.

मग त्यांनी मला सलाम शिकवला. टाच टाचेला, बोटं जुळलेली, कोपर वर. आणि साहेबाने विचारलं नोकरी कशाला पाहिजे, तर "देशसेवेसाठी" म्हणायचं. घरी येऊन आंगणात करून पाहिला. बकऱ्या खाणं सोडून बघत राहिल्या.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनीने पांढरं पोलकं शिवलं. पार्वताबाईंच्या मशीनवर, रोज दुपारी थोडं थोडं. बाह्या कोपरापर्यंत, गळा बंद, आतून दोनदा शिलाई. माझं आणि तिचं माप एकच आहे म्हणून ती स्वतःच घालून बघते. आज पोलकं घातलं, वरून माझी पांढरी साडीही खांद्यावर टाकली आणि आरशासमोर उभी राहिली. आरसा लहान आहे, त्यात एका वेळी खांदा तरी दिसतो नाही तर चेहरा. बराच वेळ ती मागेपुढे होऊन बघत होती. मी म्हटलं, "झालं काय वयनी? मले बी पाहू दे."

तिने झटकन काढून माझ्या अंगावर टाकलं. "घे बाई. तुहंच आहे." मग दिवसभर धड बोलली नाही. शिवून शिवून पाठ दुखत असेल.

वहिनी सानगडीची. तीही अकरावीपर्यंत शिकली आहे, माय सांगते की वर्गात पहिली यायची. परीक्षेच्या महिनाभर आधी आमच्या दादाशी लग्न झालं, म्हणून बसली नाही. आता तिची पोरगी बेबी तीन वर्षांची आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

गोपीचंद आला.

दुपारच्या गाडीने. हातात केळी आणि कागदात गुंडाळलेली साडी. मोरपंखी रंगाची, अंगावर सोनेरी ठिपके. मी धान पाखडत होते, सूप हातात तसंच राहिलं. खाणीतल्या कोणीतरी त्याला माझ्या मुलाखतीचं सांगितलं म्हणे. ती बाई निघून गेली, तो म्हणाला. झालं गेलं सोड, चल.

खोटं लिहायचं नाही. मला बरं वाटलं. तो उतरून आमच्या गल्लीतून चालत आला, ते सगळ्यांनी पाहिलं, याचंही बरं वाटलं.

माय तर रडलीच. बाबा त्याला "बसा जवाई" म्हणाले, तेवढंच.

जेवायला वहिनीने वाढलं. वरणात मीठ इतकं पडलं होतं की तो दर घासाला पाणी पीत होता. वहिनीच्या हातून असं कधी होत नाही. वाढता वाढता तिने त्याला इकडचं तिकडचं विचारलं, पाहुण्याला विचारतात तसं.

"क्वार्टरात पानी किती वाजता येते जी आता?"

"पहाटे चारले. लांब आहे नळ. रांग लावा लागते."

"मंग भरते कोन?"

"मीच भरतो ना. कोन आहे दुसरं? पानी भरा, डबा करा, मंग पाळीवर जा. कंबर गेली माही."

"हो काय," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा त्याची दयाच आली. एकट्या माणसाचे हाल होतात.

जाताना म्हणाला, "जेलाफेलाचं सोडून दे. माह्या नावाची पोत आहे ना गळ्यात? माही बायको चोर बायाइत उभी राहिली त खाणीत मले तोंड दाखवाले जागा राहीन काय? रविवारी येतो, तयार राह्य."

१४ फेब्रुवारी, बुधवार

काय करावं समजत नाही. माय म्हणते, नवरा न्यायला आला हे नशीब. दादा म्हणतो, तुझं तू पाहा. दादा वाईट नाही, त्याला फक्त कटकट नको असते.

चिखल्याचं आठवून पाहिलं. क्वार्टरासमोर कडुनिंब होता. सगळीकडे काळी धूळ, वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत करडे व्हायचे. सुरुवातीला तो खाणीतून आला की डोळ्यांभोवती काळं राहायचं आणि मी हसायचे. तोही हसायचा. तेवढं आठवलं. पुढचं आठवायचं ठरवलं तर हात कामाला लागतात आणि विचार सुटतो.

सायंकाळी बाबा बाजारातून चपला घेऊन आले. काळ्या, मागून पट्टा असलेल्या. माझ्या पायाशी ठेवल्या. "घालून पाह्य."

बरोबर बसल्या. मी विचारलं, "चिखल्याले जाले घेतल्या काय बाबा?"

बाबा म्हणाले, "निसटनार नाई. चांगला पट्टा आहे." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. विचारलं काय, सांगितलं काय. बाबांचं हे नेहमीचं आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

तो आला. मी पेटी भरली नव्हती. पोहे करून दिले आणि म्हटलं, "मंगळवारी मुलाकात आहे. ते झाली का पाहू."

"पाहू म्हंजे?"

"जाऊन येतो मी. बोलावलं आहे त जाले पायजे."

तो आधी हसला. मग समजावलं. मग आवाज चढला. "त्या मंगळवारी तू तिथं गेली त मी पुन्हा या दारात येनार नाई. आखरी सांगून राहिलो."

मी म्हटलं, "बरं."

मला स्वतःलाच नवल वाटलं. भांडायचं मनात नव्हतं. तोंडातून तेवढाच शब्द निघाला. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी अजून काही म्हणणार आहे. मग खुंटीवरची मोरपंखी साडी घडी करून काखेत मारली आणि निघाला. माय मागे धावली.

साडी न्यायला नको होती. रंग खरंच चांगला होता.

माय आज जेवली नाही. म्हणाली, "तुहा संसार तुवाच मोडला." वहिनी तिच्यासमोर ताट घेऊन बसली आणि म्हणाली, "जेवा मामीजी. मोडलेलाच होता."

२० फेब्रुवारी, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

सोबत दादा येणार होता, पण शेतातलं लाखोळीचं पीक उपटायचं होतं. "मी जातो हिच्यासंगं," वहिनी म्हणाली आणि कोणी काही म्हणायच्या आत बेबीला मायच्या मांडीवर देऊन टाकलं. पहिल्या गाडीने निघालो. साडीला धूळ लागू नये म्हणून वहिनीने मला आपली जुनी चादर पांघरायला दिली, गाडीत लोक मला आजारी समजत होते. एकाने खिडकीची जागाही दिली.

कचेरीच्या ओसरीवर बऱ्याच बाया होत्या. एक रेशमी साडीत, केसांत गजरा. एक बांगड्या वाजवत दाखले चाळत होती. एकीने नवऱ्याचा कोट अंगावर चढवला होता, बहुतेक रुबाब दिसावा म्हणून. पांढरी मी एकटीच. सगळ्या वळून वळून बघत होत्या. मला वाटलं, जांभळीच बरी होती.

तेवढ्यात आतून एक रक्षक बाई आली. खाकी साडी, घोट्याच्या वर, पदर पिनांनी बसवलेला. हात मोकळे. कान मोकळे. गळाही मोकळा. बाई वयस्कर होती, चालणं मात्र ताठ. ती ओसरीवरून गेली आणि तिच्या कशाचाच आवाज झाला नाही, फक्त किल्ल्यांचा.

मी वहिनीला म्हटलं, "पोत सोड."

वहिनी लगेच माझ्या मागे आली. दोऱ्याची गाठ जुनी होती, निघेना. तिने दातांनी सोडवली. तिचा श्वास मानेला लागत होता. मणी रुमालात बांधून तिने आपल्या कमरेला खोचले. नोकरीसाठी काढली. बाकी काही नाही.

आत तीन जण होते. मोठे साहेब, एक बाईसाहेब आणि लिहिणारे कारकून. मी टाच जुळवून सलाम ठोकला. साहेब हसले. "अंगावर वर्दी नसताना सलाम करत नाहीत, बाई. नमस्कार करा." मी नमस्कार केला. मारोतरावांचं एक गेलं.

साहेबांनी दाखले पाहिले. "पांढरी साडी? पती वारले का?"

"नाई जी. आमच्यात पांढरी मंगल समजतात. याच साडीत लग्न लागलं माझं."

"मग पती?"

"चिखल्याले असतात. खाणीत."

"त्यांची परवानगी आहे नोकरीला?"

"विचारली नाई जी."

कारकुनाने मान वर करून पाहिलं. बाईसाहेब म्हणाल्या, "समजा, कोठडीतली एक बाई मोठमोठ्याने रडायला लागली. म्हणते, पोटात दुखतं, दार उघडा. काय कराल?"

"आधी विचारीन, कुठं दुखते, कधीपासून दुखते. बाहेरूनच."

"ती म्हणते मरते आहे."

"दार एकटी उघडनार नाई. दुसरीले आवाज देईन. ते येईपर्यंत तिथंच बसीन, तिच्याशी बोलत. रडनाऱ्या मानसाले कोनी समोर बसलं त थोडं कमी होते जी."

"हे कोणी शिकवलं?"

कोणीच शिकवलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी विचारलं, "नोकरी कशासाठी हवी?" आणि माझ्या तोंडचं देशसेवेचं साफ निघून गेलं. मी म्हटलं, "मले कोनाच्याच घरी पाहुनी म्हनून राहाचं नाई."

मारोतरावांचं दुसरंही गेलं. बाहेर आले ती जवळजवळ धावतच. चपला मात्र निसटल्या नाहीत.

परतीच्या गाडीत वहिनीने एकेक प्रश्न विचारून घेतला. मी सांगायचे आणि माझं उत्तर ऐकायच्या आधी ती आपलं सांगायची. पोटदुखीचं ऐकून लगेच म्हणाली, "पहिले पाहाचं का दुसऱ्या कोठडीतल्या बाया काय करून राहिल्या. कधी कधी एकजन रडते आन् बाकीच्या दुसरंच काही करत असतात." हे मला सुचलं नव्हतं. मी हसून म्हटलं, "वयनी, तूच आत जाले पायजे होती."

त्यावर ती खिडकीकडे वळली आणि अड्याळ येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. गाडी लागली असेल तिला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी वहिनीने रुमाल पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे तुह्याजवळच." माय बघत होती.

गळ्याला सारखा हात जातो. अंघोळीनंतर तर हमखास.

१६ मार्च, शुक्रवार

निवड झाली. दोन एप्रिलला हजर व्हायचं आहे.

दादाने गल्लीभर सांगितलं. मारोतराव स्वतः आमच्या घरी आले, ओसरीवर बसले, आमच्याच पेल्यात चहा प्यायले आणि म्हणाले, "सलाम चांगला झाला असन." मी हो म्हटलं. बाबा त्यांच्या शेजारी बसून नुसते मान हलवत होते. मग उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. माय म्हणाली, "धूर लागला असन डोळ्यात." चूल तर विझलेली होती.

वहिनीने कागद वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाली, "चांगलं झालं. जा आता." मला वाटलं होतं, आज तरी ती जा म्हणणार नाही.

१ एप्रिल, रविवार. भंडारा

खोली मिळाली आहे, शाळेतल्या एका शिपाईण बाईंच्या घरात, मागच्या बाजूला. दादा सामान पोहोचवून गेला.

निघताना वहिनीने माझी अकरावीची पुस्तकं मागितली. गणित, इंग्रजी, सगळी. मी विचारलं कशाला? म्हणाली, "बेबीसाठी. कामी येतीन तिले." बेबी तीन वर्षांची, आणि अभ्यासक्रम तर आताच बदलला. पण दिली. तिने ती धान्याच्या कोठीमागे ठेवली, दादाच्या नजरेला न येतील अशी. घरात पुस्तकांची अडगळ झालेली दादाला आवडत नाही म्हणून असेल.

फाटकापर्यंत आली. मी पाया पडायला वाकले तर मला उभं केलं आणि खांद्यावरची पोलक्याची शिलाई बोटाने चाचपून पाहिली. म्हणाली, "तिथं काय काय होते, सगळं लिहून पाठवजो. काही सोडू नको."

मी म्हटलं, पाठवीन. मला वाटलं होतं, मी गेले की तिला मोकळं वाटेल. तिचं तोंड तसं दिसत नव्हतं.

२ एप्रिल, सोमवार

पहिला दिवस. खाकी साडी खळीची, कागदासारखी कडक. नेसायला तीन वेळा सुरुवात करावी लागली, तरी निऱ्या पोटाशी फुगून राहिल्या. ट्रेनिंग पुढे आहे, तोवर मोठ्या बाईंच्या सोबत राहायचं. मुलाखतीच्या दिवशी ओसरीवरून गेल्या होत्या त्याच. किल्ल्या त्यांच्याकडे. मी बायांच्या आंगणात उभं राहायचं.

आत सात-आठ बाया होत्या. कोणी तांदूळ निवडत होत्या, एकीच्या मांडीवर लेकरू. गुन्हा काय, ते कोणाला विचारायचं नसतं. मला भीती वाटली का? वाटली. पण चोर बाया म्हणून काही वेगळ्या दिसत नव्हत्या. बाजारात उतरलेल्या बायांसारख्याच.

भिंतीच्या सावलीत एक म्हातारी होती, रंभाबाई, साकोलीकडची. ती केव्हाची माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, मागून पातळ वर गेलं तुमचं," आणि खाली ओढायला हात पुढे केला.

मी एक पाऊल मागे सरले. तिनेही हात मागे घेतला. जराही वाईट न वाटल्यासारखी म्हणाली, "बराबर आहे. हात नाई लावू द्याचा."

मी माझ्या हाताने साडी सारखी केली. मग तिने विचारलं, "बाहेर मोहं पडू लागली काय?"

"पडून राहिली."

"यंदा कशी आहेत?"

मी सांगितलं. काल पहाटे अड्याळहून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी मोहाच्या झाडांखाली पिवळट सडा पडला होता, बाया टोपल्या घेऊन वाकल्या होत्या, लहान पोरी फुलं तोंडात टाकत होत्या, आणि गाडीच्या खिडकीतून सगळा तो गोड, थोडा आंबूस वास आत येत होता. तांदूळ निवडणाऱ्यांचे हात थांबले. लेकरूवाली जवळ सरकली. कोणी म्हणालं, आमच्या बांधावर चार झाडं आहेत. रंभाबाईने डोळे मिटून घेतले होते आणि नाकाने श्वास ओढत होती, जसं काही भिंतीपलीकडून वास येतो आहे.

मोठ्या बाई आल्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "कैद्यांशी एवढं बोलायचं नसतं."

मी हो म्हटलं. पण तोवर मोहफुलांचं सगळं सांगून झालं होतं.